दुसऱ्याचा ग्रंथ, दुसऱ्याचे चिन्ह आणि आपली साक्ष



एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. इस्लाम सत्य आहे याविषयी श्रद्धावंताच्या मनात शंका नसते. अशा माणसाच्या कानावर दुसऱ्या धर्माच्या ग्रंथाविषयी एखादी गोष्ट येते. ती त्याच्या म्हणण्याला बळ देणारी असते, ऐकायला गोड असते, आणि सांगणारा आपल्यापैकीच असतो. ती खरी आहे की नाही, हे मात्र त्याने तपासलेले नसते. सत्य धर्माच्या बाजूने बोलायचे असल्यामुळे ती गोष्ट न तपासता पुढे सांगण्याची सूट त्याला मिळते काय?

बहुतेकजण तोंडाने ‘नाही’ म्हणतील. व्यवहार मात्र निराळा असतो. ख्रिस्ती लोकांच्या बायबलविषयी आणि त्यांच्या क्रुसाविषयी आपल्या घरांत जे बोलले जाते, त्याचा निम्मा भाग तरी कोणी पडताळून पाहिलेला नसतो. ध्वज, राष्ट्रगीत आणि राजमुद्रा यांच्याविषयीच्या बोलण्याचेही तसेच आहे.

पारनेरसारख्या तालुक्यात हा प्रश्न दूरदेशीचा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे आपले केंद्र उघडले आणि पुढील काळात पारनेर, राहुरी, नेवासे या भागांतील खेड्यांपर्यंत त्यांच्या शाळा व मंडळ्या पोहोचल्या. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याचा मोठा काळ याच नगरात गेला. आपली मुले ज्या वर्गात बसतात, त्याच वर्गात ख्रिस्ती मुलेही बसतात. त्यांचे आजे-पणजे याच दुष्काळी मातीत राबले. ‘तांदळाचे ख्रिस्ती’ हा शब्द त्यांना किती लागतो, हे ज्यांना ‘बाटगे’ म्हणून हिणवले जाते त्या आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आधी आपल्या स्वतःच्या दुखण्यापासून सुरुवात करू. दर्ग्यावर किंवा मिरवणुकीत चंद्रकोर असलेला हिरवा झेंडा दिसला, की कोणीतरी त्याचे छायाचित्र काढतो आणि ‘पाकिस्तानचा झेंडा फडकला’ असे लिहून पाठवून देतो. पाकिस्तानच्या ध्वजाला काठीच्या बाजूस पांढरा पट्टा असतो, दर्ग्याच्या झेंड्याला नसतो. एवढा साधा फरक पाहण्याचे कष्टही घेतले जात नाहीत. त्या झेंड्याचा अर्थ काय, हे तो लावणाऱ्याला कोणी विचारत नाही. अर्थ दुसराच कोणीतरी ठरवतो आणि त्याची शिक्षा मात्र झेंडा लावणाऱ्याला भोगावी लागते. ‘जिहाद’ आणि ‘काफिर’ या शब्दांचेही हेच झाले आहे. आपली मागणी एवढीच असते की, आमचा ग्रंथ आणि आमचे चिन्ह यांचा अर्थ आधी आम्हाला विचारा.

ही मागणी न्याय्य आहे, आणि म्हणूनच ती दुसऱ्याच्या बाबतीत आपल्यालाही लागू होते. दिव्य कुरआनच्या सूरह माइदामध्ये (५:८) श्रद्धावंतांना ताकीद आहे की, एखाद्या लोकसमूहाशी असलेल्या वैरामुळेही न्याय सोडू नये. सूरह हुजुरातमध्ये (४९:६) अविश्वसनीय माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, आणि त्याच सूरहमध्ये पुढे (४९:१२) अनुमानांपासून दूर राहण्यास सांगितले आहे. या आयती आपण आपल्यावर आरोप करणाऱ्यांना ऐकवतो. त्या प्रथम आपल्याला उद्देशून आहेत.

आता बायबलकडे वळू. पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज असा की, बायबल म्हणजेच इंजील. आपल्या श्रद्धेनुसार अल्लाहने हजरत ईसा (अ.) यांना इंजील दिली. बायबल हा ग्रंथ मात्र अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट पंथाच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक पंथाच्या बायबलमध्ये ७३. ‘जुना करार’ या भागात तौरात आणि जबूर यांच्याशी नाते सांगणारी पुस्तके येतात. ‘नव्या करारा’त मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमाने, पौल व इतरांची पत्रे इत्यादी २७ पुस्तके आहेत. ‘इंजील’ हा शब्द मुळात ‘शुभवार्ता’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत पोहोचतो आणि मराठी ख्रिस्ती बांधव ज्याला ‘शुभवर्तमान’ म्हणतात त्याचा अर्थही तोच. परंतु शब्द एक असला तरी कल्पना एक नाही. हजरत ईसांवर एक ग्रंथ उतरला, असे ख्रिस्ती लोक मानतच नाहीत. त्यांच्या मते शुभवर्तमाने ही येशूंविषयी त्यांच्या अनुयायांनी लिहिलेली वृत्ते आहेत. त्यामुळे ‘ईसांना दिलेला ग्रंथ तुम्ही कुठे लपवला?’ असा प्रश्न आपण केला, तर समोरचा गोंधळतो आणि आपण त्याच्या गोंधळालाच पराभव समजतो. खरे तर त्याला आपला प्रश्नच कळलेला नसतो.

दुसरी गोष्ट ‘देवाचा पुत्र’ या शब्दाची. अल्लाहला संतती नाही, हा आपल्या ईमानाचा पाया आहे आणि सूरह इख्लास लहान मुलालाही पाठ असते. हा शब्द आपण नाकारतो आणि नाकारतच राहू. पण ‘ख्रिस्ती लोक शारीरिक अर्थाने देवाला मूल झाले असे मानतात’ असे जेव्हा आपण मुलांना सांगतो, तेव्हा आपण त्यांच्या श्रद्धेचे खरे वर्णन करत नसतो. तसा अर्थ ते स्वतःच धिक्कारतात. मतभेद उरतो आणि तो मोठा आहे. पण त्याचे वर्णन खरे असले पाहिजे.

तिसरा गैरसमज नायसियाच्या परिषदेचा. इसवी सन ३२५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील इझनिक येथे, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी भरलेल्या या परिषदेत शेकडो इंजीलांतून चार निवडल्या आणि बाकीच्या जाळल्या, असे आपल्याकडे अनेक वक्ते ठणकावून सांगतात. त्या परिषदेचा मुख्य विषय होता एरियस या धर्मगुरूची येशूंच्या स्थानाविषयीची मते, आणि त्याबरोबर ईस्टर सणाची तारीख. कोणती पुस्तके धर्मग्रंथात घ्यावीत, याचा निर्णय तिने केला नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकांची यादी अथानेसियस यांच्या इसवी सन ३६७ च्या पत्रात आढळते. चार शुभवर्तमानांबाहेरही लेखन होते, हे खरे. त्यातील काही १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडले. म्हणजे प्रश्न विचारण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु एका बैठकीत सारे ठरले ही कथा सोपी असल्यामुळे चालते, खरी असल्यामुळे नव्हे.

‘हे लोक दर काही वर्षांनी बायबल बदलतात,’ असेही म्हटले जाते. बदलतो तो बहुधा अनुवाद. पंडिता रमाबाई यांनी जुन्या मराठी बायबलच्या भाषेवर असमाधानी होऊन हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला व पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे बसून संपूर्ण बायबलचा नवा मराठी अनुवाद सिद्ध केला. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. याला मूळ ग्रंथ बदलणे म्हणता येणार नाही. मराठीत कुरआनचेही एकाहून अधिक अनुवाद आहेत. त्यांची शब्दरचना निरनिराळी आहे म्हणून कोणी ‘तुमचे कुरआन दोन आहेत’ म्हणाला, तर आपण त्याला काय उत्तर देऊ?

पण येथे उलट टोकालाही जाऊ नये. बायबलच्या जुन्या हस्तलिखितांत परस्पर फरक आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातील दोन सर्वांत नावाजलेल्या हस्तलिखितांत नाहीत. योहानच्या शुभवर्तमानातील व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची कथाही त्यांत नाही. हे कोणी सांगितले? ख्रिस्ती विद्वानांनीच शोधले आणि अनेक आधुनिक आवृत्त्यांत तळटीप देऊन छापले. त्यांच्या या प्रामाणिकपणाचा उपयोग आपण वादात करतो. ‘ते सारे लपवतात’ असेही त्याच दमात म्हणतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

आणि आता बर्नबासची इंजील. या पुस्तकाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या घरांत ते ‘खरी इंजील’ म्हणून मोठ्या प्रेमाने वाचले जाते. व्हिएन्ना येथे असलेल्या एका इटालियन हस्तलिखितावरून १९०७ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी अरबी अनुवाद निघाला. तेव्हापासून ते मुस्लिम जगतात पसरले. हे हस्तलिखित सोळाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. त्याहून फार जुनी प्रत हाती आलेली नाही. बर्नबासच्या नावाने ओळखले जाणारे एक प्राचीन पत्र आहे, पण ते अगदी वेगळे लेखन; नावाच्या सारखेपणामुळे दोहोंची गल्लत केली जाते. या पुस्तकात हजरत ईसा (अ.) नावेतून नासरेथ गावी पोहोचतात. नासरेथ समुद्रकाठी नाही, डोंगरात आहे. त्यात दर शंभर वर्षांनी येणाऱ्या ‘जुबिली’ वर्षाचा उल्लेख आहे; तौरातमध्ये ही मुदत पन्नास वर्षांची आहे, शंभर वर्षांची कल्पना पोप बोनिफेस आठवे यांनी इसवी सन १३०० मध्ये आणली.

हे भूगोलाचे आणि इतिहासाचे झाले. आपल्यासाठी अधिक महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या पुस्तकात हजरत ईसा स्वतः ‘मसीह’ असल्याचे नाकारतात. कुरआन मात्र त्यांना स्पष्ट शब्दांत मसीह म्हणतो (३:४५). या पुस्तकात हजरत मरियम यांना प्रसूतीच्या वेळी वेदना होत नाहीत. सूरह मरियममध्ये (१९:२३) खजुरीच्या बुंध्याशी आणणाऱ्या त्या प्रसूतिवेदनांचे वर्णन आहे आणि ते वाचताना कित्येक माता-भगिनींचे डोळे भरून येतात. केवळ आपल्या बाजूचे वाटते म्हणून आपण असे पुस्तक डोक्यावर घेतले, जे आपल्याच ग्रंथाला खोटे ठरवते! सोयीचा पुरावा न वाचताच स्वीकारला की असे होते.

मग मुसलमानाने बायबलकडे कसे पाहावे? आपल्या विद्वानांत याविषयी एकच मत कधीच नव्हते. स्पेनमधील इमाम इब्ने हज्म यांनी मूळ शब्दांतच फेरफार झाल्याचे हिरिरीने मांडले. इतर काहींचा कल, फेरफार मुख्यतः अर्थ लावण्यात झाला, असे मानण्याकडे होता. सहीह बुखारीतील एका हदीसनुसार, ग्रंथधारक लोक तौरात हिब्रूत वाचून मुसलमानांना अरबीत समजावून सांगत, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या सांगण्याला सरसकट खरेही न म्हणण्याची आणि खोटेही न म्हणण्याची शिकवण दिली. मला ही शिकवण फार मोलाची वाटते. जेथे कुरआनने निर्णय दिला आहे तेथे निर्णय झाला. जेथे तो मौन आहे, तेथे आपल्या जिभेलाही आवर घालावा.

वाद घालायचाच असेल, तर तो कसा घालावा याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्रा येथे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांच्यात जाहीर वादविवाद झाला. मौलानांच्या सोबत डॉ. वजीर खान होते. त्यांनी युरोपातील विद्वानांचे बायबलवरील चिकित्सक ग्रंथ मिळवून वाचले होते. ऐकीव गोष्टींवर ते उभे राहिले नाहीत. प्रतिपक्षाच्याच विद्वानांची पाने त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. पुढे काही वर्षांतच सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवर भाष्य लिहायला घेतले आणि ते अधिक सौम्य निष्कर्षांना पोहोचले. दोघांचे मार्ग निराळे होते. पण न वाचता दोघांपैकी कोणीही बोलले नाही.

ग्रंथाचे जे झाले तेच चिन्हांचेही होते. शाळेच्या गणवेशातील टाय हे क्रुसाचे चिन्ह आहे, असे सांगून लहान मुलाला घाबरवणारे वडीलधारे अजूनही भेटतात. टायचा उगम सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आलेल्या क्रोएशियन सैनिकांच्या गळपट्ट्यात आहे; क्रुसाशी तिचा काही संबंध नाही. रेड क्रॉसविषयीही असाच समज आहे. १८६४ च्या जिनिव्हा करारात हे चिन्ह ठरले. ते स्वित्झर्लंडच्या राष्ट्रध्वजाचे रंग उलट करून घेतलेले असून त्या देशाच्या सन्मानार्थ आहे, असा खुलासा पुढील करारात नोंदवलेला आहे. तरीही उस्मानी सल्तनतीने १८७६ च्या सुमारास आपल्या सैन्यासाठी लाल चंद्रकोर स्वीकारली, कारण तिच्या सैनिकांना क्रुसाची आकृती खुपत होती. आणि ज्या चंद्रकोरीला आपण इस्लामचे चिन्ह मानतो, तिला असे स्थान कुरआनने दिलेले नाही आणि प्रेषितांनीही (स.) दिलेले नाही, ते रूढीने मिळाले आहे. चिन्हांना अर्थ माणसे देतात आणि तो काळानुसार बदलतो, हे यावरून दिसते.

आपल्या तिरंग्याचेच पाहा. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा ख्रिस्ती लोकांचा, असे कित्येक घरांत मुलांना शिकवले जाते. हा समज अगदी निराधार नाही. १९२१ साली गांधीजींनी सुचवलेल्या ध्वजात लाल रंग हिंदूंसाठी, हिरवा मुसलमानांसाठी आणि पांढरा इतर सर्व धर्मांसाठी होता. पण १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा असा ध्वज स्वीकारताना या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे ठरावातच नमूद केले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने अशोकचक्रासह आजचा ध्वज स्वीकारला, तेव्हा डॉ. राधाकृष्णन यांनी केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे प्रकाश व सत्याचा मार्ग, हिरवा म्हणजे मातीशी आपले नाते, असा अर्थ सांगितला. ‘हिरवा पट्टा आमचा’ असे अभिमानाने म्हणणाऱ्याने थोडा विचार करावा: पट्टे वाटून घेतले, तर उरलेले दोन आपले नाहीत असे आपणच कबूल करतो. पारनेरला १८८० साली जन्मलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, यांच्या हस्ते १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकला, तो असा वाटून घेतलेला ध्वज नव्हता. आणि याच जिल्ह्याच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून जवळजवळ तीन वर्षे कैदेत राहिलेले मौलाना अबुल कलाम आझाद हे एकाच वेळी कुरआनचे भाष्यकार आणि काँग्रेसचे अध्यक्ष होते. (‘युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरवले’ हा फिरता संदेशही याच जातीचा, तसे काही युनेस्कोने ठरवलेले नाही.)

येथे ख्रिस्ती ग्रंथ आणि राष्ट्रचिन्ह हे दोन्ही विषय एकत्र येतात असे एक प्रकरण सांगतो. १९८५ साली केरळमधील एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु गात नसत; त्यांच्या पंथाच्या समजुतीप्रमाणे असे गाणे ही उपासना ठरत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला: राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही, आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे, आणि प्रामाणिक धर्मश्रद्धेला घटनेच्या कलम २५ चे संरक्षण आहे. यावरून ‘बायबल राष्ट्रगीत गायला मनाई करते’ असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. तो एका छोट्या पंथाने लावलेला अर्थ आहे. बाकी ख्रिस्ती समाज राष्ट्रगीत गातो आणि आपल्या शाळांत ध्वजवंदनही करतो. एका पंथावरून साऱ्या समाजाची परीक्षा केली तर काय होते, हेही आपल्याला नवे नाही. न्यायालयाने मात्र काय केले पाहा. तुमच्या उभे राहण्याचा आणि मौनाचा अर्थ काय, हे त्याने त्या मुलांच्या श्रद्धेच्या अंगाने समजून घेतले.

आपल्यातही काहीजण ध्वजाला सलामी देण्यास शिर्क म्हणतात. (वंदे मातरमचा विषय वेगळा आहे आणि तो स्वतंत्र लेख मागतो, येथे त्यात शिरत नाही.) आदर आणि उपासना यांत फरक आहे आणि कर्माचा निवाडा हेतूवर होतो. मुअ्ताच्या लढाईत, हिजरी सन ८ मध्ये, मुस्लिम सैन्याचा ध्वज हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांच्या हाती होता. उजवा हात तुटला तेव्हा त्यांनी तो डाव्या हातात घेतला. डावाही तुटला तेव्हा छातीशी धरला आणि तसेच ते शहीद झाले. त्यांनी ध्वजाची पूजा केली, असे आजवर कोणी म्हटले नाही.

आणि हेच जाफर (रजि.) काही वर्षांपूर्वी हबशाच्या ख्रिस्ती राजापुढे, नजाशीपुढे, उभे होते. मक्केहून आलेल्या दूतांनी राजाला सांगितले होते की, हे लोक ईसांविषयी फार भयंकर बोलतात. नजाशीने आरोपावर विश्वास ठेवला नाही आणि तो फेटाळलाही नाही. त्याने मुसलमानांना बोलावून विचारले, तुम्ही ईसांविषयी काय म्हणता? जाफर (रजि.) यांनी आधी सूरह मरियमचे पठण केले होते. आता त्यांनी लपवाछपवी केली नाही आणि राजाला खूश करण्यासाठी शब्दही बदलले नाहीत. ईसा हे अल्लाहचे दास, त्याचे प्रेषित आणि मरियमकडे पाठवलेला त्याचा शब्द आहेत, असे सांगितले. देशोधडीला लागलेल्या लोकांचे प्राण त्या उत्तरावर टांगलेले होते. नजाशीने त्यांना आश्रय दिला. आपण ही कथा जाफर (रजि.) यांच्या धैर्यासाठी सांगतो. ती नजाशीच्या त्या एका प्रश्नासाठीही सांगितली पाहिजे.

कोणी म्हणेल, आमच्यावर चोहीकडून आरोप होत असताना ख्रिस्ती लोकांच्या वतीने बोलण्याची निकड आम्हाला का असावी? याचे उत्तर सूरह निसामध्ये (४:१०५ ते ११३) आहे. तफसीरकार सांगतात की, मदिनेत बनू जफर कुळातील एका माणसाने चिलखत चोरले आणि ते एका यहुदी माणसाकडे नेऊन ठेवले. चोराचे नातलग प्रेषितांकडे (स.) आले आणि आपल्या माणसाची बाजू मांडू लागले. चिलखत तर यहुद्याच्या घरीच सापडले होते. बाजू आपली, पुरावा सोयीचा, आणि यहुद्यांशी संबंध ताणलेले. अशा वेळी आयती उतरल्या आणि त्यांनी यहुद्याला निर्दोष ठरवले. अपराध करून त्याचे खापर निरपराध माणसावर फोडणाऱ्याच्या माथी मोठे पाप ठेवले. चोर नावाने मुसलमान होता. आज आपण एखाद्या ग्रंथावर किंवा समाजावर न केलेल्या गोष्टीचे खापर फोडतो, तेव्हा आपण त्या नातलगांच्या रांगेत उभे असतो. पाठीमागे बोललेली खरी उणीव ती गीबत आणि नसलेली उणीव चिकटवली तर तो बुहतान, हा फरक हदीसमध्ये स्पष्ट आहे. तो केवळ मुसलमानांपुरता आहे असे समजण्याचे कारण मला दिसत नाही.

‘मग जो तो आपल्या चिन्हाचा सोयीचा अर्थ सांगेल, तोच मानायचा काय?’ हा आक्षेप रास्त आहे. ज्याचा ग्रंथ किंवा चिन्ह आहे त्याचा शब्द पहिला असावा, शेवटचा असलाच पाहिजे असे नाही. त्याने सांगितलेला अर्थ इतिहासाशी आणि त्याच्या स्वतःच्या वागण्याशी ताडून पाहता येतो. त्यानंतर मतभेदही जाहीर करता येतो. विचारण्याआधीच निकाल देणे, एवढेच निषिद्ध आहे.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. फोनवर बायबलविषयी काही आले, तर संबंधित पुस्तक, अध्याय आणि ओळ दिली आहे काय ते पाहावे. मराठी बायबल सहज मिळते, उघडून पाहावे. न मिळाल्यास शेजारच्या ख्रिस्ती बंधूला किंवा मंडळीच्या पाळकांना नम्रपणे विचारावे. तपासता येत नसेल तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा; ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हाच माणूस खोटा ठरायला पुरेसा पुरावा आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रारंभीच येते. मुलाने विचारले, ‘अब्बा, ख्रिस्ती लोक असे का मानतात?’ तर उत्तर माहीत नसताना रचून देऊ नये. ‘विचारून सांगतो’ म्हटल्याने वडिलांचा मान कमी होत नाही.

आणि विचारूनही पटले नाही तर? नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदिनेला आले, तेव्हा हजरत ईसांविषयी (अ.) सविस्तर चर्चा झाली. सूरह आले इमरानमधील मुबाहलाची आयत (३:६१) त्याच संदर्भात उतरली. कोण खोटा ते अल्लाहवर सोडण्याची त्यांना तयारी दाखवण्यात आली. त्यांनी मुबाहला टाळला, पण आपला धर्मही सोडला नाही. तह झाला आणि ते परत निघाले. जाताना त्यांनी एक विनंती केली: आमच्यासोबत तुमच्यातला एक विश्वासू माणूस द्या. प्रेषितांनी (स.) त्यांच्यासोबत हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांना पाठवले.